योहान हवालदारांची संध्याकाळची हजेरी

माझे वडील प्रार्थना करत नसत, रिपोर्ट देत. दिवेलागण झाली की छावणीपलीकडच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत घराघरातून काही ना काही ऐकू यायचे. कुठे पेटीवर गाणे, कुठे एखाद्या म्हातारीचे पुटपुटणे. आमच्या घरातून आधी टाचा जुळवल्याचा आवाज यायचा. बाबा भिंतीवरच्या लाकडी क्रुसासमोर छाती काढून उभे राहायचे, आई, मी आणि माझी धाकटी बहीण मार्था अशी उंचीप्रमाणे रांग लावायचे आणि हुकूम सोडायचे, "डोळे बंद!" मग सुरू व्हायचे :

"हे सर्वसमर्थ बापा, तुझा दास योहान हजर हाय. बायको हजर. पोरगा हजर. पोरगी हजर, पण खोकते. घरात शांतता हाय. आज तुझी दासी सारू हिनं पुन्हा आमटीत मीठ जास्त टाकलं. मी बोललो नाय. मी सोसलं. ते तू बघितलंच. तिला सुबुद्धी दे. तुझा दास दानिएल दिवसभर पुस्तकात तोंड घालून बसतो, लाकडं फोडत नाय. त्याच्या दंडात बळ दे, नायतर त्याला फोडायला माझ्या दंडात दे. आमेन."

या प्रार्थनेचे कायदे त्यांनी स्वतः केले होते. आमेन होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. कुणी प्रार्थना करत असताना मध्ये बोलायचे नाही, कारण तो माणूस त्या वेळी देवाशी बोलत असतो. आणि घरातल्या प्रार्थनेचे आमेन फक्त घरधन्याने म्हणायचे. "फौजेत डोळे उघडे, देवापुढं बंद. उलटं केलं की मेलास," हे त्यांचे नेहमीचे वाक्य. आमेननंतर आई कधी म्हणायची, "मीठ बरोबर व्हतं. तुमची जीभ आळणी झाली," तर ते खाटेवर बसत बसत सांगायचे, "आमेन झालं. आता केस बंद." नवरा-बायकोच्या भांडणात देवाला पंच नेमून स्वतःच निकाल वाचून दाखवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मागच्या महिन्यात त्यांना पुरले. कबरीच्या काठावर पाद्रीसाहेबांनी त्यांना तीन विशेषणे बहाल केली. भाविक ख्रिस्ती, कुटुंबवत्सल पिता, शूर सैनिक. वस्तीतल्या लोकांनी माना हलवल्या. मेलेल्या माणसाबद्दल माना हलवायला काही खर्च येत नाही. मी मास्तर आहे. विशेषण नामाला शोभते की नाही, हे पाहायची मला सवय आहे. दिवसभर सरकारी शाळेत उर्दूतून शिकवतो आणि घरी येऊन हे मराठीत, सावकाश, लिहितो आहे. घाई करण्यासारखे आता काही उरलेले नाही.

शेवटच्या विशेषणापासून सुरुवात करतो. बाबांना सगळे हवालदार म्हणत. हा हुद्दा त्यांना फौजेने दिला नव्हता, छावणीच्या कोपऱ्यावरच्या वाण्याने दिला होता. फौजेतून ते नाईक म्हणून, हवालदाराच्या एक पायरी खालीच, परत आले. वाण्याने एकदा "या हवालदारसाहेब" म्हटले, आणि बाबांनी त्याची चूक दुरुस्त केली नाही. पुढे तर कुणी नाईक म्हटले तर ते ऐकू न आल्यासारखे करायचे. पहिल्या मोठ्या लढाईत ते बसऱ्याकडे होते, खेचरांच्या पलटणीत. म्हणजे दारूगोळा आणि जखमी माणसे खेचरांच्या पाठीवर लादायची आणि हाकायची. ही गोष्ट ते सांगायचे तेव्हा तीत खेचरे नसायची. "आम्ही नदी वलांडली," "आम्ही मोर्चा धरला," असे असायचे. नाताळाला आणि ईस्टरला कोटावर लढाईचा तमगा, म्हणजे पदक, लावून ते उपासनेला पहिल्या बाकावर बसायचे. बाक कुणाच्या नावाचा नव्हता, पण तिथे दुसरे कुणी बसत नसे.

त्यांना खरे ओळखणारा एकच माणूस होता, वजीरमियाँ. दोघे एकाच पलटणीत होते. वजीरचाचांचे शहागंजात टांग्याच्या घोड्यांच्या साजाचे दुकान होते. चामड्याचा वास, तेलाचा वास आणि चाचांची थट्टा, तिन्ही त्या दुकानात कायम असायचे. एका ईस्टरला बाबा उपासनेहून तमगा लावूनच तिकडे गेले. चाचा आरी थांबवून म्हणाले, "वा योहान, चमकाया है! तमगा तो सबकू मिला था रे. सिरफ खच्चरां रह गये." मी हसलो. बाबांनी माझ्याकडे असे पाहिले की मी हसू गिळले. त्या दुकानात बाबा नेहमी रस्त्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायचे. बाहेर टांग्यांचा अड्डा होता. मला वाटे, टांगेवाल्यांकडे बघणे हवालदारांना कमीपणाचे वाटते. त्यांच्याबद्दल असे वाटणे अगदी सोपे होते.

कुटुंबवत्सल हा शब्द तर पाद्रीसाहेबांनी नक्की दुसऱ्याच कुणाच्या कबरीसाठी आणला असावा. आमच्या घरात जेवण वाढले जात नसे, रसद वाटली जायची. पहिली भाकरी बाबांची. बाबा मिशनच्या आवाराच्या फाटकावर पहारेकरी होते आणि घरी येऊनही फाटकावरच असायचे. मार्थाला विषमज्वर झाला तेव्हा ते तिच्या खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर ताठ बसून राहिले. तिच्या कपाळावर हात ठेवला नाही, एक गोड शब्द बोलले नाहीत, आणि जागचे हललेही नाहीत. शेजारच्या बाया येऊन म्हणायच्या, "काय माया हाय पोरीवर!" आई चिडून म्हणाली, "माया? पोरगी पळून जाईल म्हणून बसलेत का? बाप हाय का शिपाई?" बाबा म्हणाले, "शिपाई. बाप झोपतो, शिपाई झोपत नाय." मार्था बरी झाली. त्या संध्याकाळच्या रिपोर्टात तेवढेच आले. "पोरगी हजर. ताप गेला." आणि मग लगेच आमटी.

माझ्या पुस्तकांवर त्यांचा राग होता. "पुस्तकानं गोळी अडत नाय," ते म्हणायचे. आमच्या घराच्या आसपास कुणी गोळी झाडल्याचे मला तरी आठवत नाही, पण बाबा गोळीच्याच हिशेबाने जगत. मी नजरेने अधू, छातीने बारीक. शाळेत उर्दू चांगली झाली, मराठी घरी वाचून वाचून झाली. शेवटी खुलताबादच्या सरकारी शाळेत मुदर्रिसाची, म्हणजे मास्तरची, जागा मिळण्याची आशा निर्माण झाली. आईने त्या दिवशी गुळाचा शिरा केला. बाबा शिरा खाऊन म्हणाले, "डोंगरावर जाऊन काय शिकवणार? दर्ग्यावरच्या बकऱ्यांला?"

याच सुमारास दुसरी लढाई पेटली आणि भरतीचा एक गोरा कप्तान छावणीत आला. त्याने जुन्या पेन्शनरांना चहाला बोलावले, खुर्च्या दिल्या. तेवढ्याने आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या पाठी सरळ झाल्या. ज्याने त्याने काही ना काही कबूल केले. बाबा उठून उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "साहेब, आमच्या वस्तीतून एक जवान माझा. माझा दानिएल देतो." हे मला घरी येऊन सांगितले नाही. संध्याकाळच्या रिपोर्टात देवाला सांगितले, आणि मी रांगेत डोळे मिटून उभा असताना ऐकले.

"प्रभू, तुझा दास दानिएल पुढल्या आठवड्यात फौजेत दाखल होतोय. तू त्याला मर्द कर. आमेन."

डोळे उघडले तेव्हा आई भिंतीला टेकली होती. "कुणाला इचारलं?" ती म्हणाली.

"केस बंद," बाबा म्हणाले.

तो आठवडा घरात कुणी धड जेवले नाही. मी बोलून पाहिले. माझे डोळे, माझी छाती, खुलताबादची जागा, सगळे सांगितले. बाबा म्हणाले, "साहेबाला शब्द दिलाय. हुकूम म्हंजे हुकूम." कुणाचा हुकूम, असे मी विचारले, तर म्हणाले, "माझा." माझी ताकद तिथे संपली. आईने सरळ भांडून पाहिले, मग अबोला धरून पाहिला, मग मिठाशिवायची आमटी करून पाहिली. ती त्यांनी मुकाट्याने खाल्ली. हे वाईट लक्षण आहे, असे मार्था म्हणाली.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी निरोपाची प्रार्थना ठेवली. पाद्रीसाहेब आले. वजीरचाचाही आले आणि उंबऱ्याशी, चपला काढून, गुडघे दुमडून बसले. बाबांनी कोट चढवला होता. रांग लागली, डोळे बंद झाले, आणि बाबांनी मोठ्या आवाजात माझा ताबा देवाकडे, म्हणजे कप्तानाकडे, दिला. ते आमेनला पोचणार, एवढ्यात पाद्रीसाहेब मिटल्या डोळ्यांनी सहज म्हणाले, "आता आईनेही मुलासाठी दोन शब्द मागावेत." अशा प्रार्थनेत पाद्री सांगेल त्याने बोलायचे असते. बाबांना नाही म्हणता येईना. आमच्या घरात आईने मोठ्याने केलेली ती पहिली प्रार्थना.

"देवा," ती म्हणाली, "मला हेंच्यासारखं बोलता येत नाय. मी सरळ बोलते. हा माणूस बसऱ्याहून आला तव्हा तू बघितलाच. डोळे भलतीकडं. मी म्हणलं, असू दे, जिता आला. मग आमी लासूर टेसनाच्या बाजाराला गेलो. हा दानिएल पोटात व्हता. तिथं एका गाडीवाल्याचं घोडं पडलं अन् वरडलं. देवा, तू वर व्हतास, तुला दिसलं. हा माणूस गाडीखाली शिरला. दोन्ही कानांत माती भरली त्यानं, मुठीमुठीनं. अन् 'सोडवा, त्यांला सोडवा' म्हणून रडू लागला. बाजार हसला. मी त्याच्यावर पदर टाकला अन् बाजूला बसून राह्यले, दिवस कलेपर्यंत."

कुणीतरी श्वास घेतला. बाबा असावेत. मध्ये बोलायचे नाही, हा त्यांचाच कायदा होता.

"कुणाला सोडवायचं, ते त्यानं मला एकदाच सांगितलं. तिकडं चिखलात खेचरं रुतली. पाठीवर जखमी माणसं बांधलेली. खेचरं वरडत व्हती, माणसं बी. दोर कापू का म्हणून ह्यानं इचारलं. पुढं चला, असा हुकूम झाला. ह्यानं ऐकला. देवा, तवापासून ह्याला घोड्याचं वरडणं सोसत नाय, घोड्याकडं बघवत नाय. तसल्या बाजाराला कधी जात नाय. लोकांला वाटतं, हवालदार मोठे. मी बी तसंच वाटू दिलं. आता त्याच चिखलात माझं लेकरू घालायला निघालाय. पाद्रीसाहेब शास्त्रातली गोष्ट सांगतात, एक म्हातारा देवासाठी पोराचा बळी द्यायला त्याला घेऊन डोंगरावर गेला. पोराची माय तव्हा कुठं व्हती, तिला कुणी इचारलं का, ते कुणी सांगत नाय. देवा, मी हितं हाय. मला इचार. माझी ना हाय. बस, एवढंच."

आणि ती थांबली. आमेन म्हणायचा अधिकार तिला नव्हता. तो ज्यांना होता ते गप्प होते. आम्ही सगळे डोळे मिटून उभे. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडली. शेवटी उंबऱ्यावरून वजीरचाचांनाच राहवले नाही. ते हळूच म्हणाले, "आमीन."

"घरधन्यानं म्हणायचं असतं, वजीर," बाबांचा आवाज आला. जड होता.

"तो बोल ना रे बाबा. घुटने दुख रहे मेरे."

मार्थाला हसू आले आणि त्याचे रडू झाले. मग बाबा बोलू लागले. टाचांचा आवाज झाला नाही.

"प्रभू, ही बाई खोटं बोलत नाय. पण असलं चारचौघांत सांगायचं नसतं, ते तिला शिकव. दानिएलचं नाव मी मागं घेतो. आमेन."

व्यक्तिचित्र लिहिणाऱ्याला इथे थांबायचा मोह होतो. इथे थांबले तर पाद्रीसाहेबांची तिन्ही विशेषणे बरी शोभतात. पण बाबा इथे थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते वजीरचाचांना सोबत घेऊन कप्तानाकडे गेले. तिथे काय झाले, ते चाचांनी मला नंतर दुकानात सांगितले, मान खाली घालून, आरी चालवत. बाबा साहेबापुढे ताठ उभे राहून म्हणाले, "साहेब, पोरगा नालायक निघाला. डोळ्यानं अधू, काळजानं कच्चा. रडतो." मी रडलो नव्हतो. पण बाबांना खरे कारण सांगता येणार नव्हते आणि स्वतःची लाज झाकायला जवळ पांघरूण एकच होते, ते त्यांनी माझ्या अंगावरून ओढून घेतले. साहेब हसला. "साहब बोले, ये नक्को तो दूसरा लाओ," चाचा म्हणाले. "इतनाच बोले. योहान बोला, जी हुजूर." मी म्हणालो, "म्हणजे?" चाचांनी चामड्याला तेल लावले, पुसले, पुन्हा लावले. "म्हणजे क्या? जबान एक जवान की थी. तेरी थोडीच थी."

दुसरा म्हणजे शमुवेल. आमच्या शेजारच्या रिबकामावशीचा एकुलता मुलगा. मावशी विधवा, गुडघ्याने अधू. आडावरून तिचे पाणी शमुवेल भरायचा, डोक्यावर एक हंडा आणि तोंडाने शीळ. दंडाने तो माझ्या दुप्पट होता आणि त्याला बुटांची आणि रेल्वेची हौस होती. बाबांनी त्याला एका दुपारी फाटकावर बसवून नदी वलांडल्याची गोष्ट सांगितली. खेचरे नसलेली गोष्ट. पोरगा संध्याकाळी नाचतच घरी आला. मावशी आमच्या दारात आली. बाबा खाटेवर बसले होते.

"हवालदार, माझं एकच हाय," ती म्हणाली. "परत येईल ना?"

"मी आलो ना?" बाबा म्हणाले.

आई चुलीपाशी होती. तिने ऐकले. परत आलेला माणूस गाडीखाली कसा शिरला होता, हे तिने चार दिवसांपूर्वीच देवाला सांगितले होते. मावशीला ते सांगायला तिचे तोंड उघडले नाही. शमुवेल माझ्या जागेवर चालला आहे, हे वस्तीत सगळ्यांना कळत होते. त्याला स्टेशनवर पोचवायला सगळे गेले. बाबांनी त्याला कडक सलाम केला आणि त्यानेही हसत हसत उलट सलाम केला. मी त्याच महिन्यात खुलताबादला रुजू झालो. वस्तीत मला "कच्चा मास्तर" म्हणायला लागले होते, ते घाट चढेपर्यंत कानात होते.

शमुवेल परत आला नाही. बातमी पाद्रीसाहेबांकडे आली आणि त्यांनी ती मावशीला चर्चच्या पडवीत सांगितली. लढाईत नाही, तिकडच्या पावसात तापाने गेला. मी सुटीत घरी आलो तेव्हा मावशीच्या घराचे दार उघडे होते आणि ओट्यावर हंडा रिकामा पडला होता. आईने मला जेवायला वाढले आणि म्हणाली, "मी माझ्या लेकरासाठी मागितलं. तिच्या लेकराचं नाव माझ्या तोंडात आलंच नाय." त्यानंतर तिने मोठ्याने प्रार्थना केली नाही. बाबांचा रिपोर्ट मात्र चालू होता. बायको हजर, पोरगी हजर, पोरगा डोंगरावर. शमुवेलचे नाव त्यात कधी आले नाही. मी डोळे मिटून उभा राहून वाट पाहायचो. आमेन यायचे.

पण बाबा पाणी भरू लागले. घरात ज्या माणसाने कधी तांब्या उचलून घेतला नाही, तो उजाडताच मावशीच्या ओट्यावरचा रिकामा हंडा उचलायचा, आडावर जायचा, भरायचा आणि खांद्यावर घेऊन परत यायचा. पाऊल मोजून, मान ताठ, फाटकावर पहारा बदलायला निघाल्यासारखा. पश्चात्तापही त्यांनी कवायतीसारखाच केला. हंडा ओट्यावर ठेवायचा, एक पाऊल मागे, आणि वळायचे. मावशी दारात उभी असायची. त्यांनी पाठ फिरवली की ती हंडा आडवा करायची. सगळे पाणी ओट्यावरून रस्त्यात, बाबांच्या पायापर्यंत. मग स्वतः लंगडत आडावर जायची आणि आपले पाणी आपण आणायची.

हे एक-दोन दिवस नाही, वर्षे चालले. लढाई संपली, तरी चालले. पहिल्यांदा लोक थबकून बघायचे, नंतर पोरेसुद्धा बघेनाशी झाली. एकदा सुटीत मी बाबांना म्हणालो, "ती ओतून टाकते. कशाला नेता?"

"तिचं काम ती करते," ते म्हणाले. "माझं मी."

"कुणी सांगितलंय?"

"हुकूम हाय."

"कुणाचा?"

त्यांनी ओले धोतर पिळले. "तू मास्तर हायेस," ते म्हणाले. "पोरांला इचार. मला नको."

आईला मात्र याचे कौतुक नव्हते. ती म्हणायची, "दोन शब्द बोला तिच्यापाशी. चुकलं म्हणा. हंड्याला तोंड असतं का?" बाबा म्हणायचे, "बोलून काय? मी बोललो म्हणून तर गेला." माझ्या आठवणीत बाबांनी स्वतःविरुद्ध दिलेली ही एकमेव साक्ष. तीही त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता दिली, आणि लगेच आमटी अळणी झाल्याची तक्रार केली. त्यांच्याबद्दल धड दया यावी, एवढीही सवड ते कुणाला देत नसत.

ते झोपेतच गेले. आजारी नव्हते. आदल्या पहाटे त्यांनी नेहमीप्रमाणे मावशीचा हंडा भरून ठेवला होता. वजीरचाचांचा पुतण्या बसने खुलताबादला आला आणि मला घेऊन गेला. घरी पोचलो तेव्हा शवपेटी ओट्यावर तयार होती, बाबा खाटेवर होते, अंगात तोच जुना सदरा. आई त्यांच्या उशाशी बसली होती. पाद्रीसाहेब यायचे होते, मार्थाही सासरहून यायची होती. चाचा उंबऱ्याशी बसले होते आणि या वेळी त्यांच्याकडे थट्टा नव्हती. "न्हाऊ घालायचं हाय," आई मला म्हणाली. "आडावरून पाणी आण."

मी हंडा शोधत होतो, तेवढ्यात रिबकामावशी दारात आली. शमुवेल गेल्यापासून तिने आमचा उंबरा ओलांडला नव्हता. कमरेवर तांब्याचा भरलेला हंडा होता आणि अधू गुडघ्यामुळे पाणी हिंदकळून तिचे लुगडे भिजले होते. चाचा सरकले. ती आत आली, खाटेपाशी हंडा ठेवला आणि कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी राहिली.

"कालचं हाय," ती म्हणाली. "त्यानंच आणलेलं. वतायचं राह्यलं."

आई उठून उभी राहिली. "राह्यलं?"

"राह्यलं म्हंजे राह्यलं. उगी तोंडाकडं बघू नको, सारू. न्हाऊ घाल त्याला. लोकं यायला लागतील."

आईने पदर खोचला. मी बाबांचा सदरा काढला आणि त्यांना धरून बसवले. ते तेव्हाही ताठच होते. आईने तांब्या बुडवला आणि त्या पाण्याने त्यांचे डोके, मग कान, मग खांदे धुतले. कानांपाशी तिचा हात थांबला होता. मावशी भिंतीला टेकून बघत होती. ती रडली नाही. पाणी संपेपर्यंत थांबली आणि मग जायला निघाली.

मी रिकामा हंडा उचलून तिच्यापाशी नेला. तिने तो घेतला नाही. माझ्याकडे, पायापासून वर, नीट पाहिले. इतकी वर्षे तिने माझ्याकडे असे पाहिले नव्हते.

"आता कशाला देतोस?" ती म्हणाली. "उद्या सकाळी आणशील तव्हा भरून आण."

मी भरून नेला. तिने तो आत घेतला.